जंगलकाठची साधना केंद्रे आणि वणवा : १५ फेब्रुवारीच्या आत करायची कामे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा शहराच्या वर, डोंगराच्या धारेवर, 'माउंट कॅल्व्हरी' नावाचा मठ होता. 'ऑर्डर ऑफ द होली क्रॉस' या अँग्लिकन ख्रिस्ती संघाने तो १९४७ मध्ये सुरू केला. खाली शहर, समोर पॅसिफिक महासागर, पाठीशी सांता इनेझ पर्वत. बाहेरची माणसे तिथे चार दिवस शांत राहायला येत. १३ नोव्हेंबर २००८ च्या संध्याकाळी शेजारच्या मॉन्टेसिटोच्या वर आग लागली. पर्वतावरून समुद्राकडे सुटणारा कोरडा, गरम वारा त्या भागात संध्याकाळीच जोर धरतो. त्या वाऱ्याने आग खाली रेटली आणि मठ जळाला. मठवासी आणि पाहुणे वेळेत निघाल्याने वाचले. 'टी फायर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आगीत सुमारे १,९४० एकर क्षेत्र आणि २१० घरे गेली. कारण निघाले ते अगदी साधे. एका पडक्या टी-हाउसच्या जागी आदल्या रात्री काही तरुणांनी शेकोटी केली होती आणि निखारे पुरते विझवले नव्हते. संघाने पुढे डोंगरावर पुन्हा न बांधता शहरातल्या जुन्या मिशनजवळची एक तयार वास्तू घेतली.

अशा जागेची आठवण निघते तेव्हा तिथल्या शांततेबद्दल भरभरून बोलले जाते. ती जागा जळाली कशी, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. नागपूरकरांनी हा दुसरा भाग समजून घ्यावा म्हणून हे पत्र. माहुरझरीचे विपश्यना केंद्र, बोर धरणाकडचे बौद्ध साधना केंद्र, रामटेकच्या टेकड्यांवरची देवस्थाने, आणखी कितीतरी लहान आश्रम आपल्या भोवती आहेत. कोणा एकावर बोट ठेवण्याचा हेतू नाही. शांतता हवी म्हणून अशी जागा जंगलाला किंवा गवती माळाला लागून घेतली जाते, आणि वणव्याच्या हिशेबात तीच गोष्ट अंगावर येते. राज्याच्या वनविभागाचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. त्यामुळे खाली लिहिलेली बहुतेक कामे जानेवारीची आहेत.

आधी त्याच वर्षाचे, त्याच राज्यातले दुसरे उदाहरण. बिग सरच्या डोंगरात टासाहारा नावाचा झेन बौद्ध मठ आहे. २१ जून २००८ रोजी विजा पडून त्या डोंगरात आगी लागल्या आणि १० जुलैला आग मठात शिरली. पाच जण मागे थांबले होते. छपरांवर पाइप आणि फवारे बसवलेले होते, पंप चालू होते, आवारातला पाचोळा आधीच काढलेला होता. चार किरकोळ बांधकामे गेली, बाकी मठ वाचला. ही गोष्ट धैर्याची म्हणून सांगितली जाते. आमच्या मते ती पाण्याची आणि दिवसांची आहे. टासाहारा दरीत आहे, बाजूने ओढा वाहतो आणि तयारीला एकोणीस दिवस मिळाले. माउंट कॅल्व्हरी धारेवर होता, वारा त्याच्या अंगावर होता आणि हाताशी फार तर काही तास होते. मागे थांबलेले ते पाच जण पंप आणि होज हाताळायला शिकलेले होते, हेही विसरू नये. त्यांचे अनुकरण आपल्या साधकांनी अजिबात करू नये.

इमारत पेटते कशी? ज्वाळांची भिंत येऊन घर गिळते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात वस्तीला लागलेल्या वणव्यात पुष्कळ घरे उडत्या निखाऱ्यांनी पेटतात. निखारा पन्हळीतल्या पाचोळ्यात पडतो, वळचणीतल्या चिमणीच्या घरट्यात शिरतो, दाराजवळच्या पायपुसण्यावर बसतो आणि तासाभराने, आग पुढे गेल्यावर, घर आतून पेट घेते. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक जॅक कोहेन यांनी हे वर्षानुवर्षे मांडले आहे. इमारत आणि तिच्याभोवतीचे तीस मीटर एवढ्या टापूत काय आहे, त्यावर ती वाचणार की नाही हे बरेचसे ठरते. भिंतीला लागून असलेला पहिला दीड मीटर त्यातही सर्वांत नाजूक.

विदर्भातली आग मात्र कॅलिफोर्नियासारखी नसते. तिथली झुडपे तेलकट, आग शेंड्याशेंड्याने धावते. आपल्या कोरड्या पानझडी जंगलात आग बहुधा जमिनीवरून सरकते. सागाच्या पाचोळ्यात ज्वाळ गुडघ्या-कंबरेएवढी असते. वाळलेल्या कुसळी गवतात मात्र ती डोक्याच्या वर जाते आणि वाऱ्याबरोबर माणसाच्या धावण्याला मागे टाकते. म्हणजे पाचोळ्याच्या आगीला दाताळे, झाडू आणि ब्लोअर अडवू शकतात. गवताच्या आगीला आधीच कापलेली पट्टीच अडवते. आपल्याकडे वाचण्याची संधी माउंट कॅल्व्हरीपेक्षा पुष्कळ जास्त आहे, आणि म्हणूनच इथे एखादे केंद्र जळाले तर ते जास्त लाजिरवाणे ठरेल.

जाळरेषेपासून सुरुवात करू. केंद्राच्या हद्दीच्या आत, कुंपणाला लागून, सपाटीवर किमान सहा मीटर रुंद पट्टी मोकळी करायची. कामचलाऊ नियम असा की रुंदी ज्वाळेच्या उंचीच्या अडीच ते तीन पट हवी. त्यामुळे उंच गवत असेल तिथे सहा मीटर अपुरे पडतात, आठ-नऊ धरा. उताराकडच्या बाजूला ती दुप्पट करावी, कारण चढावर आगीचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. टेकडीच्या माथ्यावरच्या केंद्राला वरून दिसणारे दृश्य छान असते, आग मात्र खालूनच येते. गवत डिसेंबरअखेर पिवळे पडू लागले की जमिनीलगत कापावे आणि दाताळ्याने ओढून आवाराच्या आतल्या बाजूला खतखड्ड्यात टाकावे. कापून तिथेच पसरून ठेवणे ही नेहमीची चूक आहे. कापलेले गवत उभ्या गवतापेक्षा लवकर वाळते आणि पट्टी संरक्षणाऐवजी वातीचे काम करते. तरोट्याची वाळकी काटके, रानतुळस, घाणेरीची जाळी हेही काढायचे. झाडे तोडण्याची गरज नाही. मोठ्या झाडांच्या दोन मीटरपर्यंतच्या वाळक्या फांद्या आणि त्यांवर चढलेल्या वेली काढल्या की पुरे.

पट्टी जाळून साफ करावी का, असे हमखास विचारले जाते. नाही. वनहद्दीलगत आग लावून जाळरेषा करणे हे वनविभागाचे काम आहे, ते सकाळच्या गारव्यात, माणसे उभी करून केले जाते. राखीव वनात आग लावणे किंवा आग पोचेल अशा रीतीने बाहेर ती पेटवणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. आश्रमाच्या चौकीदाराने झाडलेला पाचोळा पेटवला आणि ठिणगी कुंपणापलीकडे गेली, तर जबाबदारी आश्रमाचीच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. सागाची पानगळ जानेवारीत सुरू होऊन मार्चपर्यंत चालते. एकदा पट्टी झाडून फोटो काढले की काम संपले, असे होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यातून एकदा ती पुन्हा झाडावी लागते. पेट्रोलवरचा ब्लोअर असेल तर एक माणूस सकाळी दोन-तीन तासांत बराच पल्ला मारतो. ब्लोअरने पाने आवाराकडे नको, बाहेरच्या बाजूला ढकलायची, पण कुंपणाच्या जाळीत त्यांचा ढीग साचू द्यायचा नाही. इंजिन गरम असताना पेट्रोल भरू नये, हे सांगायला नको. तरी ते होतेच.

आता इमारतीकडे. पहिल्या दीड मीटरमध्ये मुरूम, गिट्टी किंवा फरशी असावी. तिथे तुळशीवृंदावन चालेल, पण वाळलेल्या झेंडूची रोपे, सुतळीचे पायपुसणे, बांबूच्या ताट्या, चपलांचा लाकडी रॅक नको. सरपण, तुराट्या, पऱ्हाटी, कुटार हे सारे दहा मीटर दूर, आणि वाऱ्याच्या बाजूला नको. कवेलूच्या छपरावर फेब्रुवारीत माणूस चढवून कवेलूंच्या सांध्यांतला पाचोळा काढावा. टिनाच्या पत्र्याच्या छपराला धोका पन्हळीत आणि वळचणीत असतो. पत्र्याच्या नाळ्या भिंतीवर टेकतात तिथे जी मोकळी तोंडे राहतात, ती सिमेंटच्या गिलाव्याने किंवा तीन मिलिमीटरच्या धातूच्या जाळीने बंद करावीत. खिडक्यांची मच्छरजाळी नायलॉनची असेल तर उष्णतेने वितळते आणि निखारा सरळ आत येतो, ॲल्युमिनियमची लावावी.

नागपुरातल्या दोन वस्तूंचा विशेष उल्लेख करावा लागतो, कारण परदेशी मार्गदर्शिकांत त्या सापडणार नाहीत. पहिली हिरवी शेडनेट. एप्रिल आला की भोजनगृहापासून ध्यानकक्षापर्यंत ती ताणली जाते. निखारा पडला की ती वितळून थेंबाथेंबाने खाली टपकते, आणि एका इमारतीची आग दुसरीपर्यंत नेणारा तो आयता पूल असतो. दोन इमारतींमध्ये निदान चार मीटरचा भाग शेडनेटविना सोडावा. दुसरी वस्तू कूलर. वूडवूलची ताटी ओली असते तोवर ठीक. वीज गेली, टाकी आटली, की चाळीस-बेचाळीस अंशांत ती थोड्याच वेळात कोरडी पडते. मग वीज परत येऊन पंखा फिरू लागला, तर बाहेरचे निखारे कूलर स्वतःच ओढून घेतो. धूर दिसताच कूलर बंद, हा नियम प्रत्येक शयनगृहाच्या दारावर लिहावा. एरवीही चालू कूलर धूर आत खेचतो आणि झोपलेल्या माणसांना गुदमरवतो.

पाण्याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी आहे म्हणजे आपण सुरक्षित, असे अनेक विश्वस्तांना वाटते. हिशेब करू. छपरावरचा एक फवारा मिनिटाला साधारण बारा लिटर पाणी घेतो. चार फवारे म्हणजे अठ्ठेचाळीस. पाच हजार लिटर पावणेदोन तासांत संपतात. शिवाय शेतातला फिरता फवारा नीट चालायला साधारण दोन किलोचा दाब लागतो, म्हणजे वीस मीटर उंचीचे पाणी. सहा मीटरवरची टाकी फक्त ०.६ किलो देते, आणि त्यात फवारा फिरत नाही, नुसता गळतो. दाबासाठी पंप हवा, आणि आग आली की सर्वांत आधी वीज जाते किंवा बंद केली जाते. म्हणून विजेवर न चालणारा, दोन-तीन अश्वशक्तीचा पेट्रोल किंवा डिझेल पंप स्वतंत्र ठेवावा आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटे चालवावा. सहा महिने न चालवलेला पंप ऐनवेळी सुरू होईल, या भरवशावर राहू नये. प्लॅस्टिकच्या टाकीचा आणि पीव्हीसी पाइपचा जमिनीवरचा भाग आगीत वितळतो. शक्य तिथे पाइप फूटभर गाडावा आणि उघड्या भागाला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वापरावा.

ज्यांच्याकडे एवढे बजेट नाही, त्यांनी शेतकऱ्यांचे पाठीवरचे सोळा लिटरचे फवारणी पंप चार-पाच घ्यावेत, ते फक्त पाण्यासाठी वेगळे रंगवून ठेवावेत. धावत्या ज्वाळेवर त्यांचा उपयोग नाही. आग गेल्यावर धुमसणारे ओंडके, कुंपणाचे लाकडी खांब, वळचण विझवायला यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

मौनाच्या केंद्रांची एक अडचण वेगळीच आहे, आणि आमच्या दृष्टीने या पत्राचा गाभा तोच. दहा दिवसांच्या शिबिरात फोन जमा केलेले असतात. साधक डोळे मिटून बसलेले, काही शून्यागारात (एकट्याने बसायच्या ध्यानखोलीत) एकटे, बोलायचे नाही, इकडेतिकडे पाहायचे नाही. धूर पहिल्यांदा ज्याला दिसेल तो कदाचित नियम मोडायला कचरेल. म्हणून पहिल्याच संध्याकाळी, नियम सांगताना, स्पष्ट सांगावे की आग दिसली तर मौन सुटते. दिवसभर वाजणाऱ्या घंटेपेक्षा वेगळा आवाज ठरवावा. रुळाचा तुकडा तारेने टांगून त्यावर हातोडीचे सलग ठोके, हा खेड्यातला जुना मार्ग विजेविना चालतो आणि लांबवर ऐकू येतो. शून्यागारांची संख्या आणि त्या दिवशी तिथे बसलेल्यांची यादी धम्मसेवकाच्या (शिबिराची व्यवस्था पाहणाऱ्या स्वयंसेवकाच्या) खिशात कागदावर हवी, संगणकात नव्हे. यादी प्रत्येक बैठकीआधी बदलते हे गृहीत धरावे. हजेरी एकाच ठरलेल्या जागी घ्यायची, आणि एक जण केवळ मोजण्यासाठी असावा. तो दुसरे काहीही करणार नाही.

निघायचे की थांबायचे, हा निर्णय वेळेवर घेणे सर्वांत कठीण. रस्ता मोकळा असेल आणि धूर त्या बाजूला नसेल तर लवकर निघावे, दिवसाउजेडी निघावे. बहुतेक केंद्रांना एकच रस्ता असतो, तो एकेरी असतो आणि बस समोरासमोर आल्या की बंद होतो. त्यामुळे शिबिराच्या दिवसांत सर्वांना एका फेरीत नेतील एवढ्या आसनांची वाहने आणि त्यांचे चालक रात्रीही आवारात हवेत. वाहनांची तोंडे फाटकाकडे. शेकडो जणांचे शिबिर आणि आवारात एक जीप, हे गणित कधीही सुटणारे नाही.

रस्ता बंद झाला तर काय, याचेही उत्तर टी फायरनेच दिले आहे. त्याच रात्री मॉन्टेसिटोतल्या वेस्टमाँट कॉलेजच्या आवारात आग शिरली. शेकडो विद्यार्थी कॉलेजच्या व्यायामशाळेत थांबले. आवारातल्या काही इमारती जळाल्या. व्यायामशाळेतील सगळे सुखरूप राहिले. आपल्या केंद्रातही स्लॅबची एक इमारत आधीच आश्रयासाठी ठरवावी. तिच्या भोवती तीस मीटरपर्यंत गवत नको, आत पडदे नकोत, दारे बंद पण कुलूप नाही, पंखे-कूलर बंद, दाराच्या फटीला ओली चादर, आत बादल्यांत पाणी. गवताची ज्वाळ एका जागी मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. त्या वेळेत घाबरून बाहेर पळणारा माणूस भाजतो, आत बसलेला वाचतो. ओला रुमाल नाकाला लावल्याने घशाला बरे वाटते, पण सूक्ष्म धूर त्यातून जातोच. दमेकऱ्यांसाठी एन-९५ मास्कचा एक डबा ठेवावा.

साधकांनी आग विझवायला जंगलात जाऊ नये. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला. ज्यांचे ते कामच होते, त्यांच्यावर ही वेळ आली. केंद्रातल्या प्रशिक्षित दोन-चार जणांनी जाळरेषेच्या आत राहून उडते निखारे विझवावेत, तेवढेच. त्यांचेही कपडे सुती हवेत, पायात चामडी बूट. नायलॉनचा ट्रॅकसूट अंगाला चिकटतो. उभे राहायचे ते नेहमी जळून काळ्या झालेल्या बाजूला. आगीच्या पुढे आणि चढावर कधीही नाही.

वणवे कोण लावते, यावर आपल्याकडे एकच ठरीव उत्तर आहे : मोहफुले वेचणारे आणि तेंदूपत्तावाले. मोहाखालचा पाचोळा जाळला की फुले दिसतात, आगीनंतर तेंदूला कोवळी पालवी फुटते, हे खरे आहे. पण शेताचे धुरे पेटवणारे, रस्त्याकडेला विडी टाकणारे, सहलीला येऊन चूल मांडणारे आणि देवाच्या झाडाखाली कापूर जळत ठेवून जाणारे या यादीत कमी नाहीत. यातले शेवटचे दोन प्रकार आश्रमाच्या फाटकाच्या आतलेच असतात. शेजारच्या गावाशी भांडण्यापेक्षा संयुक्त वनव्यवस्थापन समितीसोबत फेब्रुवारीत एकदा बसावे, मोहाखाली पसरायला जुन्या साड्या किंवा जाळ्या द्याव्यात. हा खर्च शेडनेटपेक्षा कमी आहे. आणि आग लागल्यावर पहिल्यांदा धावून येणारी माणसे त्याच गावची असतात.

सूचना मिळण्याबाबत एक व्यवहारी मुद्दा. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीचे एसएमएस पाठवते आणि तिच्या 'वन अग्नी' पोर्टलवर कोणालाही नोंदणी करता येते. नोंदणी जरूर करावी, पण तिच्यावर विसंबू नये. ३७५ मीटर तपशिलाचा (म्हणजे चित्रातला एक ठिपका ३७५ मीटरचा) उपग्रह दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. दुपारी तीनला लागलेली आग त्याला रात्रीच दिसेल. त्यामुळे मार्च ते मे दुपारी बारा ते सहा एक माणूस गच्चीवर, दुर्बीण घेऊन. धूर दिसताच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन. सांगायचे ते असे : जवळचे गाव, शक्य असल्यास कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याला वनविभागाने दिलेला), धुराची दिशा, वारा कुठून कुठे, केंद्रात किती माणसे. "जंगलात आग लागली आहे, लवकर या" एवढ्याने कोणालाच पत्ता लागत नाही.

वनविभागालाही एक विनंती. हंगामपूर्व बैठकांना गावे बोलावली जातात, तशी जंगलकाठची साधना केंद्रे आणि देवस्थानेही बोलवावीत. वनपरिक्षेत्र कार्यालयात त्यांची यादी असावी : जागेचे अक्षांश-रेखांश, शिबिरांच्या तारखा, माणसांची कमाल संख्या, फाटकाची रुंदी आणि पाण्याचा टँकर आत वळू शकतो की नाही. या शेवटच्या दोन गोष्टी विश्वस्तांनी टेप घेऊन आजच मोजून ठेवल्या तरी चालेल. कमानदार प्रवेशद्वार बांधताना टँकरच्या उंचीचा विचार फार कमी ठिकाणी झालेला असतो.

आपले,
वणवा प्रतिबंधाच्या कामातील काही निवृत्त वनकर्मचारी, नागपूर